बाळाच्या रक्तातली पाहुणी

मी एक जुनी प्लेटलेट आहे. जुनी म्हणजे किती, असं विचाराल तर सांगायला लाज वाटते, कारण मला जन्माला येऊन जेमतेम आठवडा उलटला आहे. पण मित्रांनो, आमच्यात यालाच म्हातारपण म्हणतात. एखादी दहा दिवस जगली तर तिने पुष्कळ पाहिलं असं धरतात. म्हाताऱ्या माणसांना जसं सगळं पहिल्यापासून सांगावंसं वाटतं, तसं मला आज वाटतंय. इथे माझं ऐकणारं कुणी नाही, म्हणून तुम्हालाच सांगते.

शाळेच्या पुस्तकात माझं नाव रक्तबिंबिका असं लिहितात. घरात मात्र लोक आम्हाला नुसतं ‘पेशी’ म्हणतात. डेंग्यू झाला की ‘पेशी कमी झाल्या’ म्हणून सगळे घाबरतात आणि पपईची पानं शोधायला धावतात ना, त्या पेशी म्हणजे आम्ही. आम्ही इतक्या लहान, की रक्ताच्या एका थेंबात लाखांनी मावतो. काम मात्र एकच. रक्ताची नळी कुठे फाटली की तिथे धावायचं, चिकटायचं, एकमेकींना धरायचं आणि भोक बुजवायचं. ज्या चिकटतात त्या तिथेच संपतात. त्याचं आम्हाला वाईट वाटत नाही. चिकटायला न मिळणं हेच आमच्यात दुःख समजतात.

माझा जन्म कोल्हापुरात शिवाजी पेठेत झाला, म्हणजे तिथल्या जोतीरामच्या कमरेच्या हाडात झाला. जोतीरामचं मोटारसायकली दुरुस्त करायचं गॅरेज आहे आणि संध्याकाळी तो तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर असतो. हाडाच्या आतल्या मज्जेत भल्यामोठ्या पेशी असतात. त्यांच्या अंगाचे तुकडे तुटून आम्ही होतो. म्हणजे माझी आई माझ्या जन्मातच संपली. तिला मी अख्खी कधी पाहिलीच नाही. तेव्हा याचं काही वाटलं नाही, कारण सोबत बहिणी होत्या आणि जोतीरामच्या अंगात कामाला तोटा नव्हता. बहिणी सांगत, पाना सटकून अंगठ्याला लागायचा, गोल अडवताना गुडघा सोलवटायचा, दाढी करतानाही त्याचं लक्ष नसायचं.

मी जन्मले त्याच संध्याकाळी त्याचं कोपर मैदानावर सोलवटलं. हाक आली आणि मी सुसाट सुटले. पोचते तर पुढच्या बहिणींनी भोक बुजवून टाकलं होतं. मला शिरायला जागा नव्हती. वर जोतीरामच्या आईने कोपरावर हळद दाबली आणि शेजारणीला सांगितलं, “हळदीनं कसं झटक्यात थांबलं बघा की.” आमचं असंच असतं, काम आमचं आणि नाव हळदीचं. मी मनाशी म्हटलं, पुढच्या खेपेला पहिली मी.

मोठ्या माणसाची प्लेटलेट तापटच असते. आमच्या अंगावर हाका ऐकायची ठिकाणं पुष्कळ असतात. नळी फाटली तर हाक ऐकू येते. शेजारीण चिकटली तर तिचीही ऐकू येते. माणूस नुसता घाबरला तरी त्याच्या अंगात जे सुटतं, तेही आमच्या कानाशी येऊन ओरडतं. पेठेत दोघांची बाचाबाची झाली तर चार गल्ल्यांतून माणसं गोळा होतात, तसं आमचं आहे. मला वाटायचं, जगातल्या सगळ्या प्लेटलेट्स अशाच असणार.

दुसऱ्या दिवशी तालमीच्या ग्रुपवर निरोप आला. जोतीरामचा जिवलग मित्र महांतेश, पूर्वी त्याच संघात खेळणारा, आता उचगावात पशुखाद्याचं दुकान चालवतो. त्याच्या बायकोचा, शिवांजलीचा, रक्तदाब वाढत वाढत इतका गेला की बाळाला सातव्या महिन्यातच बाहेर काढावं लागलं. बाळ काचेच्या पेटीत होतं आणि त्याच्या पेशी कमी होत्या. गरज पडली तर हाताशी असाव्यात म्हणून डॉक्टरांनी रक्तपेढीत प्लेटलेट्सची एक पिशवी तयार ठेवायला सांगितली होती.

एक माणूस मागितला तर अख्खी तालीम आली. रक्तपेढीच्या दारात मोटारसायकली मावेनात. सगळ्यांनी मिळून आधीच ठरवलं होतं की बाळाला द्यायचं तर सम्राटचं द्यायचं. सम्राट कुस्ती खेळणारा, अंगाने दांडगा. एवढ्याशा जिवाला पैलवानाच्या पेशी मिळाल्या तर तो पेटी फोडून बाहेर येईल, असं त्यांचं म्हणणं. पेशी आणखी जोरदार व्हाव्यात म्हणून त्यांनी सम्राटला सकाळी सकाळी मटण आणि तांबड्या रश्श्याच्या वाट्यांवर वाट्या पाजून आणलं होतं.

रक्तपेढीतल्या माणसाने सम्राटचं थोडंसं रक्त नळीत घेऊन यंत्रात फिरवलं. खाली तांबडं बसलं आणि वर जे पाणी पिवळसर स्वच्छ दिसायला पाहिजे ते दुधासारखं पांढरं आलं.

“हे चालणार नाही,” तो म्हणाला.

“का? काय रोग हाय व्हय?” सम्राटचा चेहरा उतरला.

“रोग नाही. काय खाऊन आलाय?”

“रस्सा. मटण. ह्यांनीच चारलं. रक्ताला जोर येतोय म्हणाली ही सगळी.”

“जोर नाही आला, चरबी आलीय. असल्या रक्तातल्या पेशी बाळाला द्यायच्या नसतात. सोमवारी मटण खायला कुणी सांगितलं होतं?”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सोमवार पाळणारा त्यांच्यात एकच होता, जोतीराम. तो साधा वरणभात जेवून आला होता आणि त्याचा रक्तगटही बाळाला चालणारा निघाला. म्हणजे मला जे हे परदेशगमन घडलं ते एका वरणभातापायी घडलं. जोतीराम खुर्चीत बसला, त्याच्या दंडात सुई गेली आणि मी नळीतून एका यंत्रात शिरले. यंत्र गरगर फिरलं. तांबड्या पेशी एका बाजूला झाल्या आणि दुसऱ्या नळीने जोतीरामच्या अंगात परत गेल्या. मला वाटलं, आता आमचा नंबर. पण आम्हाला त्यांनी एका पिशवीत सोडलं आणि तोंड बंद केलं. जोतीराम उठला, बिस्किटं खाल्ली, चहा प्याला आणि गेला. त्याच्या चपलांचा आवाज मी पिशवीतून ऐकला. मला घर सुटल्याचं तेव्हा कळलं.

पिशवीत पिवळं पाणी होतं आणि आम्ही होतो. पिशवी एका फळीवर ठेवली होती आणि ती फळी सारखी हलत असते, कारण आम्ही एका जागी पडून राहिलो तर गोळा होऊन वाया जातो. तसं बघितलं तर मी बहिणींच्या गर्दीतच होते. पण मित्रांनो, काम नसलं की गर्दीतही करमत नाही. पिशवीत हृदयाचा ठोका नव्हता. जोतीरामच्या अंगात तो सतत असायचा आणि तो आहे हे मला कधी जाणवलं नव्हतं. आता तो नाही हेच सारखं जाणवत होतं. असं पाच दिवस ठेवतात, त्यानंतर पिशवी फेकून देतात, हेही मी तिथेच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी रक्तपेढीच्या खिडकीशी मोठा आवाज झाला. महांतेश आला होता आणि त्याच्यामागे त्याची आई मल्लव्वा होती. ती कर्नाटकच्या सीमेकडच्या गावची, म्हणून महांतेश आईला अव्वा म्हणतो. लेकराच्या पेशी आणखी खाली गेल्या असं तिने ऐकलं होतं.

“पिशवी तयार हाय न्हवं? मग द्या. मी वर घेऊन जातो,” महांतेश म्हणाला.

“डॉक्टरांची चिठ्ठी लागते.”

“लेकरू माझं हाय आणि चिठ्ठी डॉक्टरची लागतीया व्हय?”

आवाज एवढा चढला की बाळाच्या डॉक्टर संयोगिता स्वतः खाली आल्या. त्यांनी दोघांना बाकावर बसवलं आणि आपण शेजारी बसल्या. माझी फळी खिडकीच्या जवळच होती.

“महांतेश, पेशी कमी आहेत हे खरं. पण बाळाला कुठे रक्तस्राव नाही. म्हणून मी थांबलेय.”

“कमी हाईत तर घालायच्या की. पेट्रोल कमी असलं की भरतोच न्हवं आपण?”

“इथं तसं होत नाही. बाळाच्या पेशी वेगळ्या असतात. तुमच्या-माझ्या पेशी लगेच पेटून उठतात. बाळाच्या थंड असतात. त्यांना हाक ऐकायलाच कमी येतं. जन्माच्या वेळी केवढी ओढाताण असते, तेव्हा त्या पेटून उठल्या असत्या तर आतल्या आत गाठी झाल्या असत्या, कदाचित म्हणूनच त्या तशा असाव्यात.”

“म्हंजे कमजोर हाईत,” मल्लव्वा म्हणाली.

“एकट्या बघितल्या तर कमजोर दिसतात आजी. पण बाळाच्या रक्तात तांबड्या पेशी मोठ्या आणि जास्त असतात, आणि एक चिकट धागा असतो तो आपल्यापेक्षा लांब असतो. त्या दोघांच्या मदतीनं त्यांचं बरोबर चालतं. त्यात गरज नसताना मोठ्या माणसाच्या पेशी ओतल्या तर तोल बिघडतो. जास्त दिलेल्या बाळांना फायदा होण्याऐवजी त्रासच जास्त झाला, असं बघितलं गेलंय.”

महांतेशला पटलं नव्हतं. मलाही पटलं नव्हतं. मला तर रागच आला. हाक ऐकू न येणारी प्लेटलेट ही कसली प्लेटलेट? मनात म्हटलं, मला एकदा आत सोडा, दाखवते यांना.

ती वेळ त्याच दिवशी दुपारी आली. बाळाच्या पोटात घातलेल्या नळीतून तांबडं यायला लागलं आणि तपासणीत पेशी फारच खाली गेलेल्या दिसल्या. आता डॉक्टरांनी स्वतःच चिठ्ठी पाठवली. मोठ्या माणसाला अख्खी पिशवी देतात. बाळासाठी आमच्यातला जेमतेम सिरिंजभर भाग काढून घेतला आणि बाकीच्या बहिणींना फळीवर परत ठेवलं. मी सिरिंजमध्ये होते. बाळाच्या बेंबीतून एक बारीक नळी आत गेलेली होती, तिच्यातून आम्ही सावकाश आत गेलो.

आत शिरले आणि दचकले. ठोका होता, पण केवढा भरभर. त्या संध्याकाळी जोतीराम मैदानावर पळाला तेव्हासुद्धा एवढा भरभर नव्हता. वाटा इतक्या अरुंद की वळायला जागा नाही. तांबड्या पेशी जाडजूड आणि दाटीवाटीने चाललेल्या, त्या आम्हाला ढकलून कडेला लावत होत्या. कडेला लांबलचक चिकट धागे लोंबत होते. आणि त्या गर्दीत अधूनमधून, विरळ, बाळाच्या प्लेटलेट्स होत्या. दिसायला हुबेहूब माझ्यासारख्या. मला बरं वाटलं. म्हटलं, आपली माणसं भेटली. मी एकीला सांगितलं की मी शिवाजी पेठेतून आले आहे. ती वाहत पुढे गेली. दुसरीला सांगितलं. तिनेही वळून पाहिलं नाही. त्या उद्धट नव्हत्या. त्यांना माझं ऐकूच आलं नसावं.

तेवढ्यात पोटाकडून हाक आली. माझ्या बहिणी तीरासारख्या सुटल्या, चिकटल्या, एकमेकींना धरलं, आणि जिथून रक्त झिरपत होतं ती जागा बुजवली. त्या दिवशी त्यांनी बाळाला वाचवलं, हे मी अभिमानाने सांगते. गरज होती तेव्हा आम्ही उपयोगी पडलो. मी मात्र तेव्हा बाळाच्या पावलाकडे वाहत गेले होते. माझं नशीब हे असं.

पावलाशी आले तेव्हा नर्सबाईंनी तपासणीसाठी टाचेला टोचलं होतं. मला वाटलं, आता तरी माझी पाळी. मी ओरडले, “चला गं, धावा.” बाळाच्या प्लेटलेट्स आपल्या चालीने येत होत्या. त्यांना घाई नव्हती की भीती नव्हती. मला त्यांची चीड आली. पण मग जाड तांबड्या पेशींनी त्यांच्यातल्या एकीला कडेला ढकललं, तिथल्या लांब धाग्याने तिला धरलं, आणि ती टेकली. मग तिच्याशेजारी दुसरी टेकली. आरडाओरडा नाही, हाणामारी नाही. मी गर्दीतून वाट काढत तिथे पोचेपर्यंत रक्त थांबलं होतं. जोतीरामच्या अंगात लागला असता त्याहून जास्त वेळ लागला नव्हता. मी आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसले.

त्या दिवसापासून मला वाटायला लागलं, आपल्याच धावण्यात काहीतरी चुकतंय. आणि लगेच पुढे ते दिसलंच. बेंबीतून आत आलेल्या त्या नळीचं प्लास्टिक माझ्या उरलेल्या बहिणींना सोसेना. तिथून त्यांना हाक ऐकू आली. कुठे फाटलेलं नव्हतं, रक्त जात नव्हतं, तरी एक चिकटली. तिचं पाहून दुसरी, मग दहा, मग शंभर. बाळाच्या प्लेटलेट्स शेजारून शांतपणे वाहत गेल्या. मलाही ओढ लागली होती. अंगावरचं प्रत्येक ठिकाण ‘चल चल’ म्हणत होतं. तरी मी बहिणींना ओरडून सांगितलं, “थांबा, इथे काही झालेलं नाही.” आमच्यात ‘थांबा’ हा शब्द कुणी कधी वापरत नाही. त्यांना तो कळला नाही. माझं सांगून होईतो तांबड्या पेशींच्या लोंढ्याने मला पुढे ढकललं, म्हणून मी उरले.

नळी तुंबली. नर्सबाईंनी औषध सोडायला पाहिलं तर ते जाईना. डॉक्टर संयोगितांनी तपासून नळी काढून टाकली आणि त्या नळीच्या टोकाला धरून माझ्या बहिणी बाहेर गेल्या. वेळेत लक्षात आलं नसतं तर ती गाठ वाढली असती. आता जोतीरामच्या अंगातल्या आम्ही फार थोड्या उरलो होतो, आणि एवढ्या गर्दीत आमची एकमेकींशी गाठ पडणं कठीण होतं. मी बाळाच्या अंगभर फिरत होते आणि माझ्याशी बोलणारं कुणी नव्हतं. मित्रांनो, एकटेपण म्हणजे काय हे मला तिथे कळलं. आजूबाजूला तुमच्यासारखीच दिसणारी सगळी असतात आणि तुमची एकही हाक त्यांना पोचत नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी झाली. पेशी पुन्हा खाली आल्या होत्या, म्हणजे आम्ही संपत आलो होतो. पण रक्तस्राव कुठेही नव्हता. डॉक्टर म्हणाल्या, आता थांबायचं, बाळाच्या स्वतःच्या पेशी वाढू द्यायच्या. बाळाच्या खोलीच्या दारात मग जे झालं ते मी बाळाच्या कानाच्या पाळीतून ऐकलं.

“पयल्या खेपेला दिलं आणि रक्त थांबलं न्हवं?” महांतेश म्हणत होता. “भरली पिशवी खाली पडलीया, दोन दिसात फेकून देणार. आणि माझं लेकरू हितं असं. मी गाडी सांगितलीया. दुसऱ्या दवाखान्यात नेतो.”

“आत्ता हलवू नका,” डॉक्टर म्हणाल्या. “रस्त्यात धक्के बसले तर डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. त्याला आज सगळ्यात जास्त गरज असेल तर ती न हलवण्याची आहे.”

“मग पेशी द्या.”

“त्या वेळी रक्त जात होतं म्हणून दिल्या. आज जात नाही. नळी कशी तुंबली ते तुम्ही पाहिलंत.”

“मला काय कळत न्हाई. गाडी खाली हुबी हाय.”

मी बाळाच्या डोक्यात जाऊन आले होते. तिथल्या नळ्या इतक्या पातळ आहेत की आतून जाताना मलाच भीती वाटली होती. ती पेटी गाडीत चढली, गाडी खड्ड्यात आदळली, तर काय होईल हे मला दिसत होतं, आणि मला बोलता येत नव्हतं. तेवढ्यात ओळखीचा आवाज आला. जोतीराम आला होता, महांतेशसाठी जेवणाचा डबा घेऊन. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“मर्दा, पिशवी कुणाची हाय?” त्याने विचारलं.

“तुझीच की.”

“मग मी सांगतो, ऱ्हाऊ दे ती खालीच.”

“तू बी तसाच बोलालायस?”

“अरे, सम्राटला आपण काय केलतं? जोर यावा म्हणून रस्सा पाजून आणलाता. काय झालं? हाय ते रक्त बी वाया गेलं. तेच करालायस तू. जोराचं म्हंजे चांगलंच, असं कुणी सांगितलं तुला?”

महांतेश भिंतीला टेकला. मग मल्लव्वाने डॉक्टरांना विचारलं, “बाई, एकच सांगा. माझ्या लेकराला आपल्या आपण पेशी करता येतात का न्हाई?”

“येतात आजी. उशिरा सुरू झालंय, पण येतात. आईचा रक्तदाब वाढलेला असला की अशा बाळांचं हे काम सुरुवातीला मागं पडतं. मग बहुतेकांचं आपोआप मार्गी लागतं. मी सारखी बघतेय. रक्त दिसलं तर एका क्षणात देईन.”

“महांतेशा,” मल्लव्वा म्हणाली, “गाडीवाल्याला जा म्हणावं.”

“अव्वा, काय झालं मग?”

“झालं तर मी हाय. पोराला दात न्हाईत तवर भाकरी चारायची नसती. जा, सांग त्याला.”

महांतेश खाली गेला. त्याला रडू येत होतं हे त्याच्या पावलांवरून कळत होतं. मला त्याचा राग नाही. त्याच्यापाशी जे होतं ते सगळं त्याला लेकरावर ओतायचं होतं, आणि ओतू नको असं सांगितल्यावर बापाने हात कुठे ठेवायचे?

नंतर वाट पाहणं सुरू झालं. सगळे बाहेर वाट पाहत होते आणि मी आत. मी रोज बाळाच्या हाडांवरून जाताना डोकावायची. तिथल्या पेशी जोतीरामच्या हाडातल्या पेशींएवढ्या दांडग्या नव्हत्या, लहानखुऱ्या होत्या. पण त्यांची संख्या भराभर वाढत होती. एका फेरीत मला तिथून नवीकोरी एक प्लेटलेट निघताना दिसली. पुढच्या फेरीत आणखी. मग इतक्या निघायला लागल्या की मला मोजता येईना आणि मोजायची गरजही वाटेना. पहिल्यांदा दिसली तेव्हा मी तिच्यामागे बरंच अंतर गेले, नुसती पाहत. कौतुक वाटलं. वाईटही वाटलं, कारण ती माझ्याकडे बघणार नाही हे मला आता ठाऊक होतं.

डॉक्टरांनी तपासणी करून दारात येऊन सांगितलं, “वाढल्या.” मल्लव्वाने भिंतीला हात टेकून डोळे मिटले. शिवांजली दुसऱ्या वॉर्डातून चाकाच्या खुर्चीत आली. तिने तोवर बाळाला काचेतूनच पाहिलं होतं. नर्सबाईंनी बाळ उचलून तिच्या छातीवर उघड्या अंगाला अंग लावून ठेवलं आणि वरून पांघरूण घातलं. बाळाच्या पाठीवर तिचा हात होता, आणि त्याच्या उबेने तिथल्या वाटा जरा रुंद झाल्या. बाळाचा ठोका संथ झाला. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा सावकाश वाहिले.

शिवांजलीची खुर्ची खिडकीशी होती आणि खिडकीला लागूनच बाहेरचा बाक होता. तिथे महांतेश आणि जोतीराम बसले होते.

“डॉक्टर म्हणाल्या, आता सगळ्या पेशी त्याच्या त्याच्याच हाईत,” महांतेश म्हणाला. “तुझी एक बी उरली नसंल बघ आता.”

“बरं झालं की,” जोतीराम म्हणाला. “उरली पिशवी बी फेकली म्हणं काल.”

“तुला वाईट वाटलं व्हय?”

“वाईट कशाचं मर्दा. लागली न्हाई म्हणूनच फेकली न्हवं?”

तो हसला. ज्या हाडात मी जन्मले ते हाड माझ्यापासून हातभर अंतरावर बाकावर बसलं होतं. मी कानाच्या पाळीत होते, खिडकीच्या काचेच्या अगदी जवळ. मला ओरडून सांगावंसं वाटलं की जोतीराम, एक उरली आहे, ती इथे आहे. पण तो उठला. गॅरेजवर गिऱ्हाईक थांबलं होतं. त्याच्या चपला वाजत वाजत जिन्याकडे गेल्या आणि खाली उतरल्या.

माझं आता फार उरलेलं नाही. पुढच्या वळणावर प्लीहा आहे. थकलेल्या पेशींना तिथे उतरवून घेतात. म्हणून एवढंच मागते. मित्रांनो, तुमच्या घरी एखादं लहान बाळ आलं, किंवा शाळेत तुमच्याहून लहान कुणी तुमच्या शेजारी बसलं, तर आपलं बळ घेऊन त्याच्यावर धावून जाऊ नका. त्याचं काही आपल्यासारखं नसेल. ते सावकाश असेल, तुमची हाक त्याला ऐकू येणार नाही, त्याची रीत तुम्हाला कमजोर वाटेल. तरी जरा थांबून बघा. खरंच रक्त जात असेल तर मात्र मागे राहू नका, माझ्या बहिणी राहिल्या नाहीत.

जन्मभर मला एकदाही कुठे चिकटायला मिळालं नाही. आमच्यात हे फार मोठं दुःख मानतात, आणि इथे येईपर्यंत मीही मानत होते. आत्ता बाळ आईच्या छातीवर झोपलं आहे. त्याच्या अंगात कुठूनही हाक येत नाही. माझ्या दोन्ही बाजूंनी त्याच्या नव्या प्लेटलेट्स चालल्या आहेत, आणि त्यातली एकही माझ्यासाठी थांबलेली नाही.